एका विमानाचा रंग



वसंतातील या व्यासपीठावरून आपण साम्राज्यांचे उदयास्त ऐकता, थोर पुरुषांची चरित्रे ऐकता, तत्त्वज्ञांचे वाद ऐकता. अशा श्रोत्यांपुढे मी आज एक लहानसे विमान घेऊन उभा आहे. त्याच्या पंखांचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सव्वाअकरा सेंटिमीटर आहे. लांबी नऊ सेंटिमीटरांहून थोडी कमीच. तळहातावर ते सहज मावते. हे विमान जोडायला मला पंधरा दिवस लागले आणि रंगवायला चार महिने. त्या चार महिन्यांपैकी साडेतीन महिने कुंचला कोरडाच होता. तो कोरडा का राहिला, एवढेच आज मला सांगायचे आहे.

विमानांच्या प्रतिकृती करण्याचा नाद मला लहानपणी लागला. १९७०च्या सुमाराची गोष्ट. वडिलांचे एक स्नेही व्यापारी जहाजावर नोकरीस होते. एका खेपेस त्यांनी माझ्यासाठी प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक संच आणला. ते इंग्रजांचे स्पिटफायर विमान होते, १९४० सालच्या लढाईतले. चाळीच्या गॅलरीत बसून मी ते एका दुपारी चिकटवले, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका शेजाऱ्याकडून उरलासुरला तैलरंग मागून आणला, आणि पंखांवर इंग्रजांच्या वर्तुळाऐवजी ऐटीत केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ काढले. विमान चांगले दिसते आहे आणि ते आपले आहे, एवढे मला पुरेसे होते. पुढे शालान्त परीक्षा आली, नोकरी आली, संसार आला. कुंचले वाळले, नाद सुटला. निवृत्तीनंतर जुनी खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत ते विमान सापडले. एक पंख निखळलेला होता, पण तिरंगी वर्तुळ शाबूत होते. पंचेचाळीस वर्षांनी मी पुन्हा काचकागद आणि चिमटा हातात घेतला.

परत आलो तेव्हा मनात थोडी लाजही होती. या वयात हा पोरखेळ कशाला, असे घरचे म्हणत नसले तरी मीच मला म्हणत होतो. म्हणून या पोरखेळाचे कूळ शोधू लागलो आणि ध्यानात आले की हे कूळ खुद्द विमानापेक्षा जुने आहे.

माणूस विमानातून उडण्याआधी विमानाची प्रतिकृती उडालेली आहे. इंग्लंडात सर जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये स्थिर पंख आणि हलवता येणारी शेपटी असलेले एक लहान ग्लायडर केले. विमानाचा आज आपल्या ओळखीचा असलेला आकार तेथे प्रथम दिसतो. पुढे १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधील ट्यूलरीच्या बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. पुढे बत्तीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे पहिले उड्डाण झाले, ते बारा सेकंदांचे होते. या दोन घटनांमधला दुवाही खेळण्याचाच आहे. १८७८ मध्ये बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी बूच, बांबू आणि कागद यांचे, रबराने फिरणारे एक उडते खेळणे आणले. त्याची मूळ कल्पना पेनोचीच होती. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. खेळणे मोडले तेव्हा मुलांनी तसलेच नवे केले, मग त्याहून मोठे केले, आणि मोठे केलेले नीट उडेना. लांबी दुप्पट झाली तर शक्ती आठपट लागते, हे त्या खेळण्याने त्यांना शिकवले.

१९०३ नंतर मात्र नाते उलटले. तोवर प्रतिकृती पुढे आणि विमान मागे होते, आता विमान पुढे गेले आणि प्रतिकृती त्याच्या मागून निघाली. पूर्वी ती भविष्याविषयी प्रश्न विचारीत असे. यापुढे तिचे काम घडून गेलेल्या गोष्टीची नोंद ठेवण्याचे झाले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ती इतिहासाच्या प्रांतात आली.

नोंद म्हटली की मोजमाप आले. आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाइतका उंच असतो, महाराज दरवाजातून आत जाऊ शकत नाहीत आणि पायथ्याचा वाघ तळ्याहून मोठा असतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण तो किल्ला भक्तीने केलेला असतो, मापाने नव्हे. विमानांच्या प्रतिकृतीत मापाची शिस्त इंग्लंडात १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी संचांनी रुजवली. त्यांचे प्रमाण होते बहात्तरास एक. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंच. पुढे १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या इंग्रज मंडळींनी त्याच प्रमाणात प्लास्टिकचे संच काढले. ती विमाने उडत नसत, म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ हे न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले.

या मापाची खरी परीक्षा युद्धात झाली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखावे लागते, आणि चुकले तर आपलेच माणूस मरते. १९४२च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांकडे एक मागणी केली. पन्नास प्रकारच्या विमानांची प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी विमाने मुलांनी करून द्यावीत. प्रमाण तेच, बहात्तरास एक. पस्तीस फुटांवर टांगलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. साधा गुणाकार करून पाहावा: पस्तीस गुणिले बहात्तर म्हणजे दोन हजार पाचशे वीस फूट. ही सारी विमाने काळ्या रंगाने रंगवली जात. नेमबाजाला आकृती ओळखायची होती, रंग नको होता. तेव्हा येथे मुलांच्या हातचे काम राष्ट्राच्या कामी आले खरे, पण त्यातला रंग मात्र गळून गेला. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे मला त्याच रंगाकडे यावयाचे आहे.

युद्ध संपल्यावर पॉलिस्टायरिन प्लास्टिक स्वस्त झाले. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ मध्ये इंग्लंडात काढलेल्या ‘एअरफिक्स’ कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या गलबताचा संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला ठेवला. १९५३ मध्ये स्पिटफायर आले. मोजमापात ते बरेच चुकलेले होते, पण खाऊच्या पैशांत मिळत होते. जपानमध्ये शिझुओका येथील ‘तामिया’ या लाकडाच्या व्यापारातून निघालेल्या कंपनीने १९६० मध्ये प्लास्टिकचा मार्ग धरला. एक अख्खी पिढी या पिशव्यांवर वाढली. मग ती मोठी झाली आणि दूर गेली. ‘फ्रॉग’चा व्यवहार १९७०च्या दशकाच्या अखेरीस आटोपला आणि त्याचे अनेक साचे सोव्हिएत रशियात गेले. १९८१ मध्ये ‘एअरफिक्स’ही कोसळली, तिचे नाव पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. आपल्या देशात परकीय चलनाच्या टंचाईमुळे हे संच दुर्मिळच असत. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील मुलांना बाल्सा लाकडाची विमाने करायला मिळत. बाकीच्यांना कोणाच्या तरी मामाची किंवा वडिलांच्या स्नेह्याची बॅग उघडण्याची वाट पाहावी लागे.

आता परतीची गोष्ट. लहान मुलाला विमान हवे असते, कोणतेही चालते. वयाने पिकून परत आलेल्या माणसाला अमुक एक विमान हवे असते. ते कोणाचे, कोणत्या वर्षीचे, कोणत्या तळावरचे, असे प्रश्न त्याला पडू लागतात. विमानात बसलेला माणूस लहानपणी मला कधी दिसलाच नव्हता. संचात त्याची इंचभराची बाहुली असे, ती मी हरवून टाकीत असे. या वेळी मी आधी माणूस निवडला आणि मग त्याचे विमान शोधले.

तो माणूस म्हणजे इंद्रलाल रॉय. २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात त्याचा जन्म झाला, शिक्षण लंडनला. एप्रिल १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला आणि फ्रान्समधील ५६ क्रमांकाच्या तुकडीत गेला. डिसेंबर १९१७ मध्ये उतरताना त्याचे विमान आदळले आणि तो जबर जखमी झाला. उडण्यास तो अपात्र ठरला होता, पण त्याने ते मानले नाही आणि पुन्हा उडण्याची परवानगी मिळवली. जून १९१८ मध्ये तो ४० क्रमांकाच्या तुकडीत परतला. जुलैमधील अवघ्या तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा हवाई विजयांची नोंद झाली. २२ जुलै १९१८ रोजी कार्व्हाँ गावावर जर्मन विमानांशी झालेल्या झुंजीत त्याचे विमान पेटले आणि शत्रूच्या हद्दीत कोसळले. तेव्हा त्याला वीसही पुरी झाली नव्हती. मृत्यूनंतर त्याला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय होय. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले.

त्याचे विमान एस.ई.५ए. इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी कारखान्यात हेन्री फॉलंड यांच्या हातून त्याची आखणी झाली. याच फॉलंड यांनी पुढे काढलेल्या कंपनीने नॅट हे विमान तयार केले. त्याची आखणी दुसऱ्या एका तंत्रज्ञाची, आणि ते बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येही बांधले गेले. १९६५च्या युद्धात आपल्या वैमानिकांनी तेच गाजवले. एस.ई.५ए चा सांगाडा लाकडी, त्यावर जवसाच्या धाग्याचे लिनन कापड ताणलेले, आणि कापड घट्ट बसावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचे लुकण चढवलेले. कापडाच्या खालच्या बाजूस ते लुकण रंगहीन असे. वरच्या बाजूस त्यात रंग मिसळलेला असे, म्हणजे आकाशातून पाहणाऱ्या शत्रूला जमिनीवर उभे असलेले विमान चटकन दिसू नये. या रंगाचे अधिकृत नाव होते ‘पी.सी. १०’. येथे माझा कुंचला अडला.

पी.सी. १० म्हणजे नेमका कोणता रंग? त्याची कृती उपलब्ध आहे. त्यात पिवळी माती आणि थोडी काजळी. कोणत्याही चित्रकाराला विचारा, पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट छटा येते. तेव्हा रंग हिरवा म्हणावा. परंतु पिवळी माती ही खाणीतून येते. एका खाणीतली पिवळसर तर दुसरीतली तांबूस. रंग करणारे कारखाने अनेक होते. शिवाय लुकण उन्हापावसात जुने झाले की काळवंडून तपकिरी होत जाते. म्हणून जतन केलेल्या कापडाच्या तुकड्यांत कोठे मळकट हिरवा दिसतो, कोठे चॉकलेटसारखा तपकिरी. त्या तुकड्याचा आजचा रंग शंभर वर्षांपूर्वीही तसाच होता काय, हा प्रश्न राहतोच.

मग छायाचित्रे पाहावीत. तेथे दुसरी अडचण. त्या काळातील बरीचशी छायाचित्रण-सामग्री तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती आणि निळ्याला अति संवेदनशील. त्यामुळे छायाचित्रात तांबडा रंग काळपट दिसतो, पिवळा गडद दिसतो आणि निळा फिकट दिसतो. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीवर आपण विश्वास ठेवतो, पण हा साक्षीदार रंगांविषयी सरळ सांगतच नाही, त्याला उलटसुलट विचारावे लागते. मग जतन केलेली विमाने? इंग्लंडात त्या काळचे खरे एस.ई.५ए अजून आहे, पण त्यावरचे कापड आणि रंग नंतरचे. जर्मनीच्या प्रसिद्ध तांबड्या विमानवीराचे, रिश्टहोफेनचे, विमान २१ एप्रिल १९१८ रोजी ज्या बाजूस पडले, त्या बाजूच्या सैनिकांनी त्याचे कापड आठवण म्हणून फाडून नेले. त्या लुटीमुळेच त्याचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात पाहायला मिळतात आणि तांबडा रंग डोळ्यांनी पाहता येतो. रॉयचे विमान जळाले. ज्याची लूट झाली त्याची साक्ष राहिली आणि जे जळाले त्याची गेली, असा हा इतिहासाचा अजब न्याय.

श्रोतेहो, एवढ्याशा रंगासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटले होते. परंतु या अडचणीतून इतिहासलेखनाविषयी मला जे कळले, ते पुष्कळ ग्रंथ वाचून कळले नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती एक सोयीचा शब्द असतो. तो शब्द म्हणजे ‘बहुधा’. पुरावा अपुरा पडला की तो ‘बहुधा असे झाले असावे’ असे लिहून पुढे जातो, आणि ते प्रामाणिकही असते. प्रतिकृती करणाऱ्याला ही सवलत नाही. कुंचल्याला ‘बहुधा’ लिहिता येत नाही. पंख रंगवायचा तर कोणता तरी एक रंग द्यावाच लागतो, आणि एकदा दिला की तो पाहणाऱ्याला शंभर टक्के खरा वाटतो. अर्धी खात्री असलेला रंग आणि पूर्ण खात्री असलेला रंग, दोन्ही सारखेच चकाकतात.

आपल्या इतिहासातही हेच घडत आले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपण कागद मागण्यास शिकलो. बखरीतले वाक्य आले की त्याला अस्सल पत्राचा आधार आहे काय, असे आपण विचारतो. परंतु चित्राला, पुतळ्याला, रंगमंचावरील पोशाखाला तो प्रश्न आपण विचारतो काय? भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलेला अंगरखा, नाटकात पाहिलेली पगडी, त्यांनी आपल्या डोळ्यांपुढचा भूतकाळ रंगवला आहे. ती चित्रे काढणारांचा यात दोष नाही. त्यांच्याही कुंचल्याला ‘बहुधा’ लिहिता येत नव्हते. दोष असलाच तर तो पाहणारांचा आहे. निर्णय घेतला गेला होता, हे आपण विसरलो.

माझ्या जुन्या स्पिटफायरलाही या निमित्ताने मी न्याय दिला. त्यावरचे तिरंगी वर्तुळ म्हणजे निव्वळ पोरकट चूक, असे मी धरून चाललो होतो. शोध घेता कळले की आपल्या हवाई दलाने स्पिटफायरे खरोखरच वापरली होती आणि १९४७च्या नोव्हेंबरात काश्मीरच्या लढाईत ती लढलीही होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे तांबडे वर्तुळ आणि आपले वर्तुळ यांत गफलत होऊ नये म्हणून पूर्वेकडील विमानांच्या वर्तुळातला तांबडा रंग काढून टाकला होता. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र होते आणि मग तिरंगी वर्तुळ आले. तेव्हा चाळीतल्या त्या मुलाचे विमान चुकले, साल चुकले, पण तो ज्याची इच्छा करीत होता ते सर्वस्वी खोटे नव्हते. निखळलेला पंख मी चिकटवला. वर्तुळाला हात लावला नाही.

रॉयच्या विमानाचे काय केले? चार बरण्यांत चार छटा कालवल्या. हिरव्याकडे झुकणारी एक निवडली. कारण असे की जुलै १९१८ मध्ये आघाडीवरची विमाने फार काळ टिकत नसत, लुकण जुने होऊन तपकिरी व्हायला अवधीच नसे. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. म्हणून विमानाच्या लाकडी बैठकीच्या खालच्या बाजूस मी एक चिठ्ठी डकवली आहे. ‘वरच्या पृष्ठभागाचा रंग अनुमानाने दिलेला. आधार अपुरा.’ विमान हाती घेणारा प्रथम वरची बाजू पाहतो. कोणी उलटून पाहिले तर त्याला खरे कळेल. उलटून पाहण्याची सवय लागावी, यासाठीच मी हे विमान येथे आणले.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. डिसेंबर १९१७च्या अपघातानंतर इंद्रलाल रॉय बरा होत असताना विमानांची रेखाटने करीत असे. त्यांतली बरीच आज शिल्लक आहेत. उडण्याची बंदी झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा कागदावर विमाने काढीत बसला आहे, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही प्रतिकृती करणारे जे करतो तेच तो करीत होता. फरक एवढाच की मी ज्या रंगासाठी चार महिने अडलो, तो त्याला रोज हाताने स्पर्श करता येत होता. पी.सी. १० हिरवा की तपकिरी, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नसेल. जे रोज डोळ्यांसमोर असते ते कोणी टिपून ठेवत नाही, आणि काळ नेमके तेच आधी पुसून टाकतो. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. लाखो लोक तिच्यात बसले. तिच्या डब्याची छटा नेमकी कोणती, हे आज किती जण छातीठोकपणे सांगतील?

घरी गेल्यावर आपापल्या दाराकडे एकदा पाहावे. त्याचा रंग कोणता, तो कधी दिला, त्याच्या आधी कोणता होता, हे एका कागदावर लिहून तारीख घालून ठेवावे. शंभर वर्षांनी कोणाचा तरी कुंचला त्यासाठी कोरडा राहिलेला असेल.